साखळीआबांचं पाऊल

साखळीआबांना रस्त्यात कुणी हाक मारत नसे. माणूस तिरसट होता म्हणून नव्हे. तो मोजत असायचा. घराचा उंबरा ओलांडला की त्यांचे ओठ हलायला लागत. एकशे अकरा, एकशे बारा, एकशे तेरा. वाटेत कुणी 'जयभीम आबा' केलाच तर हात वर करून 'मोडू नको' अशी खूण करत. एखादा पाहुणा ती खूण न समजता बोलतच राहिला, तर आबा त्याचं सगळं ऐकून घेत, मग निमूट मागे फिरत, उंबऱ्यापाशी जात आणि पुन्हा एकपासून सुरू करत. उंबऱ्यापासून चहाच्या हॉटेलापर्यंत दोनशे चौदा पावलं. शाळेपर्यंत पाचशे सहा. चिखली-मेहकर रस्त्यावरच्या आमच्या फाट्यापर्यंत एक हजार तीनशे नव्वद. ही अंतरं गावात सगळ्यांना पाठ होती. नव्या सुनेला पाणी कुठून आणायचं ते सांगताना सासू म्हणायची, "आबाच्या शंभर पावलावर हापशी हाय."

आबा मोजणी खात्यात शिपाई होते. तिथे शिपाई म्हणजे साखळी ओढणारा. शेताची मोजणी निघाली की साहेब झाडाच्या सावलीत नकाशा पसरून बसायचे आणि आबा तेहेतीस फुटांची लोखंडी साखळी घेऊन तुरीतून, नाल्यातून, बोराटीच्या काट्यांतून चालायचे आणि लांबून आकडा ओरडून सांगायचे. तीस वर्षं हेच केलं. "साखळी खोटं बोलत नाई," ते म्हणत, "वढनारा बोलते." साखळीच्या बाजूने इतकं चालून चालून त्यांचं पाऊल बरोबर मीटरभर पडायला लागलं होतं. एकदा शाळेतल्या गुरुजींनी मुलांसमोर परीक्षा घेतली. आबा शंभर पावलं चालले आणि गुरुजींनी टेप लावला. शंभर मीटर आणि वर चार बोटं भरली. आबा म्हणाले, "टेप ढिला हाय तुमचा, गुरुजी. तानून धरा." गुरुजींनी ताणून धरला आणि चार बोटं गेली. तेव्हापासून 'माहं पाऊल म्हंजे सरकारी मीटर' हे त्यांचं वाक्य कुणी थट्टेवारी नेलं नाही.

या पावलाला गावात फार मान होता. ज्यांच्या घरी आबांच्या वडलांना अंगणाच्या पुढे येऊ देत नसत, त्यांच्याच पोरांमध्ये बांधावरून जुंपली की ते आबांना बोलवायला आमच्या वस्तीत येत. खात्याची मोजणी येईल तेव्हा येईल. आबा जायचे, धुऱ्यावरून चालायचे, दोन्ही भाऊ मागे मागे चालायचे आणि आबा जिथे टाच रोवतील तिथे दगड पुरला जायचा. त्या दगडाला पुन्हा कुणी हात लावल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आबांच्या नावावर दीड एकर कोरडवाहू आणि एक पाऊल, एवढीच इस्टेट होती.

ते आयुष्यात कधी धावले नाहीत. गावातली पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं मात्र पहाटे रस्त्यावर पळायची, कारण दुसरी जागाच नव्हती. एका पोराच्या कोपराला टेम्पोचा आरसा लागला. पोरगं वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा चुन्याच्या फक्कीचं पोतं घेऊन गायरानात हजर. दिवसभर चालून त्यांनी चारशे मीटरचा फेरा आखला आणि संध्याकाळी पोरांना बोलावून सांगितलं, "इथं पळा. रस्ता गाड्यायचा होय, तुमच्या बापाचा नाई." तेव्हापासून ते रोज पहाटे त्या रेषेवर मनगटातलं चावीचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून उभे राहू लागले. आपण रेषेजवळ आलो की ते सेकंद ओरडून सांगत, तेही साहेबाला साखळीचा आकडा कळवावा त्या सुरात. मी एकदा विचारलं, आबा, तुम्ही स्वतः काऊन नाही पळत? ते म्हणाले, "पळनाऱ्याले मोजता येत नाई, सुजे. कोनीतरी चालाच लागते."

सुजी म्हणजे मी, सुजाता. आमच्या गावातून पोलिसात निघालेली पहिली मुलगी. हे मी फुशारकीने सांगत नाही. आठ वर्षांच्या नोकरीनंतर फुशारकीला लागणारा दम माझ्याकडे उरलेला नाही.

मी सुरुवातीला अनवाणी पळायचे. मग भावाने चिखलीच्या बाजारातून कॅनव्हासचे बूट आणले, तेही एक नंबर मोठे, कारण 'पाय वाढते'. वयाच्या एकविसाव्या वर्षी पाय वाढत नाही हे त्याला कोण सांगणार! पुढच्या बाजूला कापसाचे बोळे कोंबून मी ते घालायचे. तिसऱ्या आठवड्यात उजव्या बुटाचा तळ उघडला आणि पळताना फटफट वाजायला लागला. आबांनी मला थांबवलं, धोतराच्या सोग्यातून सुतळी काढली आणि तळ बुटासकट माझ्या पायाला बांधून टाकला. वर म्हणाले, "बूट पळत नसते, बाप्पा. बूट फक्त सोबत येते." त्या सुतळीच्या बुटावर मी दोन महिने पळाले. भरतीच्या दिवशी मात्र ते सोडून अनवाणीच धावले, कारण सुतळी पाहून बाकीच्या मुली हसतील ही भीती मला पडण्याच्या भीतीपेक्षा मोठी होती.

भरतीच्या मैदानावर आमच्या घोट्याला एक चिप बांधली होती. रेषा ओलांडली की तिकडे संगणकात वेळ पडते. परत आल्यावर मी आबांना ते वर्णन करून सांगितलं. त्यांनी बारीक चौकशी केली. पट्टा कशाचा होता, घट्ट होता का, प्रत्येकीला वेगळी का. मग समाधानाने मान हलवून म्हणाले, "म्हंजे साखळीच झाली ते. पायाले बांधलेली." आबांच्या फेऱ्यावर मला आठशे मीटरला दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद लागायचे आणि चिपमध्येही तेवढेच आले. त्यांचा सरकारी मीटर आणि सरकारचा मीटर यांत एका सेकंदाचा फरक नव्हता. मला नोकरी लागली ती त्या पावलामुळे, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

नोकरी लागली आणि पळणं सुटलं. मलकापूरला बारा-बारा तास बंदोबस्तात उभं राहून टाचा दुखायला लागल्या, वजन वाढलं, आणि एक दिवस जिना चढताना दम लागला म्हणून मी घाबरून पुन्हा पळायला सुरुवात केली. आता पगार होता, तेव्हा सामान आलं. उशीएवढ्या जाड तळाचे बूट आले. घाम न धरणारे टीशर्ट आले, जे घाम धरत नाहीत पण वास मात्र सोडत नाहीत. छातीला बांधायचा पट्टा आला. तो वर्दीखाली एकदा चुकून राहिला आणि दिवसभर मला वाटत राहिलं, आपल्याला काहीतरी होतंय. शेवटी घड्याळ आलं. हे घड्याळ माझी झोप मोजतं, ठोके मोजतं, पावलं मोजतं, आणि रोज सकाळी मी किती दमले आहे ते मला सांगतं. मी दमले आहे हे कळायला घड्याळ लागत नाही हो. पण मिरवणुकीच्या बंदोबस्तात सोळा तास एका चौकात उभं राहून घरी यावं आणि मनगटावर यावं की आज आपण पुरेशी हालचाल केली नाही! आठवड्यात चार दिवस कसंबसं पळावं आणि त्याने वर 'अनप्रॉडक्टिव्ह' असा शेरा मारावा! आमचे साहेबसुद्धा एवढं तोंडावर बोलत नाहीत. तरी मी ते काढून ठेवलं नाही. पळताना कुणीतरी आपला आकडा सांगावा ही सवय मला आबांनीच लावली होती, आणि त्यांचा आवाज मलकापुरात कुठून आणणार?

पोलिसांना दिवाळीची रजा दिवाळी संपल्यावर मिळते. त्या वर्षी मी अशीच उशिरा गावी आले. चुलतभावाची मुलगी वैशाली भरतीची तयारी करत होती. दीड महिन्यावर तिची मैदानी चाचणी होती आणि हा तिचा शेवटचा डाव होता. चुलतभावाने एका ठिकाणी बोलणी करून ठेवली होती. यंदा निघाली तर नोकरी, नाहीतर वैशाखात मांडव. वैशालीने हे मला अंगण झाडता झाडता सांगितलं, वर म्हणाली, "पन मी निघतोच आत्या. मले दोन एकोनचाळीस लागतात." मी चकित झाले. माझ्यापेक्षा नऊ सेकंद कमी! मी तिच्याकडे नीट पाहिलं. बारीक, खांदे पडलेली पोरगी. पण आबांच्या घड्याळातली वेळ, तेव्हा शंका कसली घेणार?

गायरान मात्र बदललं होतं. दोन वर्षांपूर्वी जुन्या फेऱ्याच्या मधोमध गावाची पाण्याची टाकी उभी राहिली, म्हणून आबांनी शेजारी नवा फेरा आखला. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी गाठली होती. नव्या फेऱ्यावर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या वेळा सुधारल्या. गाव खूश झालं. नव्या सुनेसारखं नव्या फेऱ्याचंही कौतुक झालं. लोक म्हणाले, याचा पायगुण चांगला आहे. मात्र मागच्या भरतीला त्या फेऱ्यावरून तिघं गेली, दोन मुलगे आणि ज्योती नावाची एक मुलगी, आणि तिघंही धावण्यातच मागे पडून परत आली. कुणी म्हणालं चिपमध्ये गडबड होती, कुणी म्हणालं वशिला. ज्योती सगळ्यांत वेगाची होती, म्हणून तिच्याबद्दल शेवटी असं ठरलं की ती ऐन वेळी भ्याली. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, बीबी गावी.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वैशालीबरोबर पळायला गेले. आबा रेषेवर होते. गुडघ्याला कापड गुंडाळलेलं, एक हात टाकीच्या खांबावर. मला पाहून म्हणाले, "आली काय व? जड झाली तू." मग माझे बूट पाहिले आणि विचारलं, "हे काय, गादीवर पळते काय आता?" मी हसले आणि धावायला लागले. एक किलोमीटर झाला की माझं घड्याळ हाताला झटका देतं. चारशेच्या फेऱ्यात तो अडीच फेऱ्यांनी यायला हवा. अडीच फेरे झाले, झटका आला नाही. तो टाकीपलीकडचं वळण ओलांडल्यावर आला. मी पुन्हा पळाले, पुन्हा तिथेच. वळणाच्या वाटेवर ही घड्याळं दोन-चार मीटर इकडेतिकडे करतात, हे मला ठाऊक होतं. मी फोन खिशात टाकून चालत एक फेरा मारला. फोन म्हणाला तीनशे सत्तर, घड्याळ म्हणालं तीनशे एकाहत्तर.

मी दोन दिवस काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला हे कळायलाच नको होतं. आबांची चाल मंदावली हे सगळ्या गावाला दिसलं होतं. पाऊल आखडलं हे कुणालाच दिसलं नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही. म्हाताऱ्या माणसाच्या अंगात एकच गोष्ट खरी उरलेली असते आणि ती खोटी आहे असं मी, त्याच गोष्टीवर नोकरी मिळवलेल्या बाईने, जाऊन सांगायचं? पण न सांगावं तर वैशाली दीड महिन्यांनी तिथे उभी राहणार, तिच्या दोन एकोणचाळीसच्या भरवशावर, आणि शेवटचे साठ मीटर तिच्या पायांना माहीतच नसणार. मी पळपुटी वाट काढली. वैशालीला हळूच म्हटलं, रेषेवर थांबू नको, पुढच्या बाभळीपर्यंत जात जा.

आबांनी ते पहिल्याच दिवशी पकडलं. "काऊन व पोट्टे, रेघीच्या पुढं काऊन पळाली?"

"मीच सांगतलं, आबा," मी म्हणाले. "सवय व्हाव म्हून."

"कशाची सवय? आठशे म्हंजे आठशे. तिथं कोनी बाभळीपर्यंत पळवते काय?"

आता इलाज नव्हता. मी मनगट पुढे केलं. "आबा, ह्याच्यात फेरा कमी येऊन राह्यला."

"किती?"

"तीनशे एकाहत्तर."

ते बराच वेळ घड्याळाकडे पाहत राहिले. "हे मोजते कुठून?"

"वरतून. सॅटेलाइटवरून."

"वरतून सगळं सपाटच दिसते," आबा म्हणाले. "आमच्या हाफिसातबी शेवटी अशीच मशीन आली होती. पोट्टे बटन दाबत अन् मले म्हनत, आबा, तुमी चहा सांगून या." मग ते घराकडे निघाले. ओठ हलत नव्हते. मी मागे हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं नाही. घरी येऊन मी आईला म्हटलं, मी आज पाप केलं. आई म्हणाली, पाप केलं असंल तं निस्तर.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबा पोतं घेऊन आले. त्यात साखळी होती. खात्याने जुन्या साखळ्या मोडीत काढल्या तेव्हा त्यांनी एक मागून घेतली होती. गंज चढलेला, पण कड्या सगळ्या शाबूत. त्यांनी एक टोक माझ्या हातात दिलं. "वढ. ढिली सोडू नको. वळनावर रेघीवर आंथरून घे." आम्ही पूर्ण फेरा मोजला. दर साखळीला ते स्वतः खाली वाकत, कडीपाशी खुंटी रोवत, गुडघ्यावर हात देऊन उठत आणि आकडा ओरडत. वैशाली म्हणाली, मी रोवतो खुंटी. त्यांनी तिला हात लावू दिला नाही. साखळीचा सोळावा भाग म्हणजे एक आणा. चारशे मीटरला एकोणचाळीस साखळ्या बारा आणे भरायला हवे होते. भरले छत्तीस साखळ्या चौदा आणे.

आबांनी तो आकडा ओरडला नाही, नुसता म्हटला. मग साखळी सरळ जमिनीवर पसरायला लावली आणि तिच्या बाजूने चालायला लागले. एक, दोन, तीन. दहा पावलांत साखळी संपायला हवी. दहावं पाऊल पडलं तेव्हा त्यांच्यापुढे जवळजवळ आणखी एका पावलाइतकी साखळी उरली होती. त्यांनी ती उरलेली साखळी पाहिली आणि तिथेच जमिनीवर बसले.

"फेरा नाई आखूड झाला, सुजे," ते म्हणाले. "मी झालो."

मी काहीतरी बोलले, वय झालं, गुडघे गेले, असं काहीतरी. त्यांनी ऐकलं नाही. थोड्या वेळाने विचारलं, "ज्योतीले किती लागत होते मांगच्या साली?"

"दोन चाळीस, असं म्हनत होते."

"ते पोट्टी भेली नव्हती," आबा म्हणाले. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, डोळे पुसले. "तिले मी भेदरट ठरवलं. गावानं नाई. मी."

त्याच दिवशी साखळीने नवा फेरा आखला. त्या फेऱ्यावर वैशालीला दोन मिनिटं बावन्न सेकंद लागले. ती रेषेवरच रडायला लागली. "आत्या, एका दिवसात मी हळू कशी झाली?" आबा तिला म्हणाले, "तू तेवढीच हाय, माय. काल तुले कोनीतरी वाढवून सांगतलं होतं. आता खरं हाय, आता पळ." पण त्या दिवसानंतर त्यांनी मनगटातलं घड्याळ वैशालीच्या हातात दिलं आणि टाकीच्या ओट्यावर जाऊन बसले. सेकंद ओरडायचे थांबले. रस्त्याने चालतानाही मोजत नसत. लोक आता बिनधास्त हाक मारत आणि आबा थांबून सगळ्यांना उत्तर देत. ते पाहून मला दर वेळी अपराध्यासारखं वाटायचं. कुणी सांगो न सांगो, त्यांची मोजणी मी मोडली होती.

मी मलकापूरला परत गेले आणि रोज संध्याकाळी वैशालीची वेळ फोनवर विचारू लागले. बावन्न, बावन्न, एक्कावन्न. मध्ये एक आठवडा पुन्हा त्रेपन्न. तिच्या बापाने विचारलं, खर्चाची हौस किती दिवस? मी माझे जाड तळाचे बूट तिला पाठवले; दोन दिवसांनी तिने सांगितलं, "आत्या, बूट चांगले हायेत पन माह्या पायाले कळतच नाई जमीन कुठं हाय ते." पातळ तळाचे साधे बूट घेतले. पन्नास. अठ्ठेचाळीस. भरतीच्या मैदानावर चिपमध्ये सत्तेचाळीस पडले. लेखी परीक्षाही निघाली, आणि यादीत नाव आलं तेव्हा फोनवर नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला.

ज्योतीबरोबर मागे पडलेल्या दोन मुलांकडे आबा आधीच जाऊन आले होते. एकाने 'जाऊ द्या आबा' म्हणून चहा पाजला. दुसरा त्यांच्याशी पुन्हा बोललाच नाही. ज्योतीकडे जायचे मात्र ते थांबले होते. "वैशालीचं होऊ दे," मला म्हणाले होते. "आता आखलेलं खरं हाय का नाई ते पह्यले कळू दे. अर्धवट घेऊन कसा जाऊ तिच्या दारात?" वैशालीवर गुलाल उधळला त्या दिवशी मी रजा काढून आले होते. मिरवणूक हॉटेलापाशी पोचली तेव्हा आबा माझ्या बाजूला येऊन म्हणाले, "उद्या बीबीले येशीन काय माह्यासंग?"

आबा त्यानंतरच्या पावसाळ्यात गेले. ते कसे गेले, किती माणसं आली, हे सांगण्यात मला रस नाही. म्हातारी माणसं जातात तसे गेले. मला आठवतात ते बीबीतले आबा.

मेहकरला बस बदलून आम्ही दुपारी पोचलो. ऊन तापलेलं. ज्योती दाराबाहेर भांडी घासत होती. आम्हाला पाहून उठली, राखेचे हात तसेच धरून म्हणाली, "आबा? गावाकडं बरं हाय ना सगळं?" आबा बसले नाहीत. पाणीही घेतलं नाही. उभ्या उभ्या त्यांनी तिला सगळं सांगितलं. टाकी झाली, फेरा सरकवला, पाऊल आखडलं, मला कळलं नाही. ज्योती ऐकत राहिली.

"किती?" तिने विचारलं.

"एका फेऱ्याले दोन साखळ्या चौदा आने."

"एकोणतीस मीटर," मी म्हणाले.

ज्योतीने राखेच्या बोटांवर हिशेब केला. "दोन फेऱ्यात अठ्ठावन. म्हंजे बारा सेकंद." "मले बाराच सेकंद जास्त लागले होते तिथं. मले वाटलं, मी भेली. सगळेच म्हनत होते भेली, मंग मीबी म्हनू लागली."

"नाई भेली तू," आबा म्हणाले. "बरोबर पळाली तू."

"आता हे मले सांगून काय करू मी, आबा?"

आबा मान खाली घालून उभे राहिले. आतून कुणीतरी खाकरलं. ज्योतीने दाराकडे पाहिलं, मग आबांकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मले नका सांगू. आत चाला. मले नापास म्हनतात तिथं सांगा."

आबांनी चपला काढल्या आणि आत गेले. तिची सासू सुपात हरभरा पाखडत बसली होती. नवरा खाटेवर होता. आबा खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि बोलायला लागले, ते खालच्या आवाजात नाही. कितीतरी महिन्यांनी मी तो आवाज ऐकला, वावराच्या त्या टोकाहून साहेबाला आकडा सांगायचा तो आवाज. "बाई, मी ज्योतीच्या गावचा. पोट्ट्यायचा फेरा मी मोजतो. ते मोजनी मी चुकवली. एका फेऱ्याले एकोनतीस मीटर कमी. तुमची सून भेली नाई, दमली नाई. पुरी पळाली. चूक माही होती."

सासूने सूप खाली ठेवलं. "मंग? आता आमी काय कराव म्हनता?"

"काई नाई," आबा म्हणाले. "तिले नापास म्हनू नका."

खाटेवरचा नवरा उठून बसला. ज्योती दारात उभी होती, राखेचे हात अंगापासून लांब धरून, आणि तिथेच, सासूसमोर, नवऱ्यासमोर, तोंड न झाकता ती मोठ्याने रडायला लागली. तिचं रडणं थांबेपर्यंत आबा जागचे हलले नाहीत.